कावळ्याचा निरोप

राजूर, ता. भोकरदन
३ सप्टेंबर २०२४

भागवता,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. दहा वर्षांपूर्वी तू बजावलंस की फोनवर ऐकलेलं मी यापुढं काही मानणार नाही, जे असेल ते तुझ्या अक्षरात लिहून पाठव. म्हणून लिहिते. माझी पोरगी प्रीती कागदाचा फोटो काढून तुला पाठवेल. शेजारच्या पुष्पाबाई विचारतात, सख्ख्या भावाला फोन लावायचा सोडून कागद काय रंगवते? त्यांना काय सांगू, की आमचा भाऊ अमेरिकेतला नट आहे, त्याला आवाज खोटा वाटतो?

आधी आईचं. पायावर सूज आहे, चार पावलं टाकली की धाप लागते. जालन्याच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, हृदय थकलंय, औषधानं ढकलायचं तेवढं ढकलू. तरी ती देवळाजवळच्या दुकानात येऊन बसते. मी नारळ देते, ती दुर्वांच्या जुड्या बांधते. हात थांबला की रस्त्याकडं बघत राहते. काल म्हणाली, "दैवशाला, भागवत कवा यील गं?" मी म्हणाले, येईल की. दुसरं काय म्हणणार होते?

आता तुझं. प्रीतीनं मोबाईलवर तुझ्या नाटकाचा तुकडा दाखवला. एकटाच आहेस. लुगडं नेसून आई झालायस. चुलीपुढं बसतोस, खोकतोस, मरतोस, मग उठून तिचा मुलगा होतोस आणि रिकाम्या जागेकडं बघून हंबरडा फोडतोस. गोरे लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. बाप रे, काय रडतोस तू! मला एकच विचारायचंय. अंगावरची जांभळी इरकल आईचीच ना? ती बाई दहा वर्षं पेटीत शोधून राह्यली. माझ्यावर संशय घेऊन झाला, प्रीतीवर घेऊन झाला.

रंगमंचावरची आई मेली तेवढी पुरे. इथली जिवंत आहे तोवर एकदा येऊन जा. दसऱ्याला ये. आईला तो तुकडा मी दाखवलेला नाही.

दैवशाला


न्यूयॉर्क
८ सप्टेंबर २०२४

अक्का,

नमस्कार. तुझं पत्र मेकअप उतरवताना वाचलं. इरकल आईचीच आहे. मी चोरली, असं समज. मला तिच्या अंगाचा वास हवा होता आणि मागायची लाज वाटली.

"फोन लावायचा सोडून" असं तू सहज लिहितेस. तुला सोयीचं तेवढं आठवतं, म्हणून बाकीचं मी लिहितो. या देशात आल्यावर मी टीव्हीवर काय काय झालो? टॅक्सीवाला, पेट्रोल पंपावरचा मालक, बॉम्ब ठेवणारा, दोन वाक्यांचा डॉक्टर. सहा वेळा तर नुसता मेलो. चाळिशीत एक खरं काम मिळालं. मालिकेतल्या इन्स्पेक्टरचा जोडीदार, दर भागात, नाव-गाव असलेला माणूस. शूटिंगला आठवडा होता आणि तुझा फोन आला, "भागवता, आई गेली रे." मागं पुष्पाबाईंनी गळा काढलेला ऐकू येत होता.

मी कुणाला न विचारता विमानात बसलो. फोन बंद करून टाकला, कारण कुणाशी बोलायची ताकद नव्हती. अंत्यविधी उरकला असणार, हे धरून जालना स्टेशनाबाहेरच्या न्हाव्याकडून डोकं भादरून घेतलं. दारात पाऊल टाकलं तर आई चुलीपुढं भाकरी थापत होती. माझं डोकं बघून तिनं जी किंकाळी फोडली, ती मी आज रंगमंचावर जशीच्या तशी वापरतो. जिवंत आईच्या दारात पोरगा बोडक्या डोक्यानं उभा! आणि तू मला समजावत होतीस की गच्चीवर आईच्या डोक्याला कावळा शिवला, अशा वेळी सग्या माणसाला मेल्याचा खोटा निरोप द्यायचा, तो खरं रडला की दोष जातो. रिवाज आहे म्हणे. तासाभरात परत फोन करून खरं सांगणार होतीस म्हणे.

परत आलो तोवर त्यांनी दुसरा माणूस घेतला होता. बोडक्या डोक्याचा जोडीदार त्यांना नको होता. ती मालिका सात वर्षं चालली. तो माणूस आज रस्त्यानं जाऊ शकत नाही, एवढी गर्दी होते. मी अजून आरामात भाजी आणतो.

दहा वर्षांनी आता माझ्या नाटकाला लोक यायला लागलेत. आठवड्याला आठ खेळ, नोव्हेंबरअखेरपर्यंत. टीव्हीवाले बघायला यायचे आहेत. ते झालं की येतो. मधे निघालो तर परत तेच होईल. आणि खरं सांग अक्का, आई खरंच आजारी आहे, की पुन्हा कुठला कावळा येऊन बसला?

आईला तो तुकडा दाखवू नकोस.

भागवत


राजूर
६ ऑक्टोबर २०२४

भागवता,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुझं नाव काढलं नाही. कावळा काय विचारतोस? असा निरोप आईच्या भावाला द्यायचा, पण आपले मामा तेव्हा वारलेले होते. आईसाठी पोटातून रडेल असं माणूस मला तूच दिसलास. मी तर तिच्या शेजारी उभी होते, मला रडू कसं यावं? माझ्या मनात तुझं वाटोळं नव्हतं, आईचा जीव होता. त्यानंतर ती दहा वर्षं जगली, हेही कधीतरी हिशोबात धर.

तुकडा मी दाखवला नाही, पण प्रीतीनं दाखवला. आजीला करमत नाही म्हणून. मी नारळ सोलत होते. मला वाटलं, आता ही छाती बडवणार. पण आई मोबाईल नाकाशी धरून बघत बसली. आधी म्हणाली, "अगंबाई, माझी इरकल!" तू रडायला लागलास तशी तिनं प्रीतीचा दंड धरला. "हा रोज रडतो का गं?" प्रीती म्हणाली, "रोज, आजी. दोन-दोनदा पण रडतो."

भागवता, आईचं तोंड उजळलं. पुष्पाबाईंना हाक मारून तिनं सांगितलं, "पाह्यलं का? माझं दुखणं त्याच्या कानावर गेल्तं, तवापासून पोरगं रोज रडून राह्यलं. मागच्या बारीला एकदाच रडला तर धा वर्सं निघाली माझी. आता रोज रडतो, मंग मला काय होतंय?"

तिला वाटतं तू तिच्यासाठी रडतोस. दोष जावा म्हणून. त्यासाठी तू तिकडं इतकी माणसं गोळा करतोस आणि तीही बिचारी तुझ्यासोबत डोळे पुसतात. हे ती देवळातल्या गुरवापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगते. लोकही मान डोलावतात. सूजसुद्धा जरा उतरली आहे, औषधानं उतरली असेल, पण ऐकतो कोण?

मी म्हणाले, आई, त्याला बोलावू या आता, समोर बसवून घे. तर माझ्यावरच खेकसली. "बिलकुल नको! तो हिकडं आला की तिकडलं रडणं बंद. अन् माझ्या कावळ्यापायी एकबार त्याचं काम गेलं, परत न्हाई जाऊ द्यायची म्या." 

तिला उचलून बसवते मी, पाय चोळते मी, रात्री उठते मी. आणि आयुष्य वाढवतोस तू. असू दे. पण तू तिला स्वतः सांग, की बाई, हे नाटक आहे, आणि मी येतोय. माझ्या तोंडून ती ऐकणार नाही.

दैवशाला


न्यूयॉर्क
१५ ऑक्टोबर २०२४

अक्का,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी हसलो, मग खुर्चीत बसून राहिलो. आई आहेच तशी. तिला खरं सांगू नकोस. मीही सांगणार नाही. त्या समजुतीनं तिला बरं वाटत असेल, सूज उतरत असेल, तर आपण कोण मोडणारे? आणि तीच नको म्हणतेय, तर मी धावत येऊन तिचं मन का मोडू?

एक गोष्ट तुला आधी सांगतो, नाहीतर प्रीतीकडून कळेल. तू लिहिलेलं मी नाटकात घेतलं आहे. शेवटच्या आधी आई मोबाईलवर मुलाचं नाटक बघते आणि शेजारणीला सांगते, माझं पोरगं माझ्यासाठी रोज रडतं. परवा पहिल्यांदा केलं. लोक आधी हसले, आणि मग त्या हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात अशी शांतता मला मिळाली नव्हती. पेपरात आलं आहे. खेळ जानेवारीपर्यंत वाढवले. टीव्हीवाले बावीस नोव्हेंबरच्या शुक्रवारी येतायत. मोठं काम आहे अक्का, मागच्यासारखंच. या वेळी आईनं घालवलेलं आईच परत देणार असं दिसतंय.

तिच्यासाठी एक चांगली खुर्ची घे, पाठ टेकायची. पैसे पाठवतो.

भागवत


राजूर
१९ नोव्हेंबर २०२४, सकाळी

भागवता,

आई गेली.

चहा मागितला होता. मी कप घेऊन आले तोवर मान कलली होती. दुर्वांची जुडी हातात तशीच होती.

हे माझं अक्षर आहे. कावळा नाही, काही नाही. निघालो एवढंच कळव, मी तिला जालन्याला ठेवायची सोय करते. तू येईस्तोवर थांबू.

दैवशाला


न्यूयॉर्क
१९ नोव्हेंबर २०२४

अक्का,

अक्षर तुझं आहे. मागच्या वेळी आवाजही तुझाच होता.

घरी फोन लावला, तू उचलला नाहीस. पुष्पाबाईंना लावला तर त्यांनी एकदम गळा काढला. मागच्या वेळीही त्यांनीच काढला होता, अगदी याच पट्टीत. प्रीतीनं फोटो पाठवला, आई डोळे मिटून पडली आहे. मी टीव्हीवर सहा वेळा मेलेला माणूस आहे. असा फोटो कसा निघतो ते मला माहीत आहे.

दीड महिन्यापूर्वी तूच लिहिलंस की सूज उतरली. दुकानात बसते, लोकांना गोष्टी सांगते. आणि नेमकं टीव्हीवाले यायच्या तीन दिवस आधी हे पत्र? तुला मला आणायचंच होतं. मी आईचं बोलणं नाटकात घातलं त्याचा तुला राग आला असणार. नाहीतर खरंच कावळा शिवला असेल, आणि तू पुन्हा रिवाज पाळतेयस. आपल्या घरातली खरी नटी तूच अक्का, मी उगाच एवढा लांब आलो.

तर ऐक. मी रडलो. खेळाच्या आधी, दार लावून, कुणी बघत नसताना, पोटातून रडलो. रिवाजाप्रमाणं तुझं काम झालं. दोष गेला.

आता आईला फोन दे.

भागवत


राजूर
२९ नोव्हेंबर २०२४

भागवता,

तुझे फोन येत होते, मी उचलले नाहीत. फोनवर सांगितलेलं मानणार नाही, हा तुझाच कायदा. आणि लिहिलेलंही तू मानलं नाहीस. मग तुला सांगायला माझ्याकडं तिसरं काय होतं?

निघालो असं तू कळवलं नाहीस, म्हणून दुसऱ्या दिवशी उरकलं. मतदानाचा दिवस होता. सुट्टी होती म्हणून माणसं भरपूर आली, बोटांना शाई लावून. चुलतभाऊ अग्नी द्यायला पुढं झाला. मी म्हणाले, हिला रोज उचलून बसवणारी मी आणि पेटवणारा तू कोण? मी दिला अग्नी. गावात दोन दिवस चर्चा झाली. होऊ दे.

काल दहावा झाला. नदीवर पिंड ठेवला. झाडावर कावळे भरपूर, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, काही राहिलं असेल मनात, बोला. सगळ्यांना माहीत होतं काय राहिलं असेल ते. चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "काकू, भागवत येईल." कावळा ढिम्म. पुष्पाबाई म्हणाल्या, "कौसल्याबाई, लेक येतो बघा, निघाला तिकडून." ढिम्म. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला तर आईचं ते खेकसणंच आठवत होतं. मी पुढं गेले आणि म्हणाले, "आई, भागवतचं काम जाणार न्हाई. मी त्याला आणणार न्हाई." 

शब्द तोंडातून पडायचा अवकाश, कावळा उतरला.

लोकांनी हात जोडले. पुष्पाबाई म्हणाल्या, आईची माया बघा. मी बघत होते. भागवता, मला त्या कावळ्याचा इतका राग आला की दगड मारावासा वाटला. रात्ररात्र जिनं पाठ चोळली, तिच्या नावानं एकदा तरी बोलून बघा, दैवशालाला आम्ही सांभाळू असं म्हणून बघा, हे एवढ्या माणसांत कुणालाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी कावळा उतरला नसता, हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत ती तुझ्याच रडण्यावर जगत होती. माझ्या हातच्या गोळ्या ती नुसतं माझं मन राखायला घ्यायची.

काल संध्याकाळी प्रीतीनं सांगितलं. आई गेली हे तुला आता पटलंय. बावीस तारखेचा तुझा खेळ झाला, टीव्हीवाल्यांनी तुला घेतलं, आणि मग तू तिला फोन केलास. खरं काय ते त्याआधी तू विचारलंच नाहीस, कारण तुला ते त्याआधी ऐकायचं नव्हतं. नटी मी, म्हणतोस. मेलेल्या आईला चार दिवस जिवंत धरून काम साधणं मला जमलं नसतं.

प्रीतीला तू असंही म्हणालास, की रडायच्या जागेला आता तुला रडू येत नाही. डोळ्यांत औषध घालून वेळ मारून नेतोस. ते घालत जा. आईच्या जिवंतपणी सगळं रडून घेतलंस, उरणार कुठून?

आणि येतो म्हणालास. केस काढतो म्हणालास. येऊ नकोस. मी आईला नदीवर शब्द दिला आहे आणि कावळ्यानं तो ऐकला आहे. इरकल ठेव, तुझ्या कामाची आहे. केसांचं म्हणशील, तर तू आईसाठी एकदा काढलेस. ती तेव्हा चुलीपुढं बसली होती आणि तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. किंचाळली खरी, पण तू न्हाणीत गेल्यावर मला हळूच म्हणाली होती, "बघ, माझ्यामागं हा बराबर करील सगळं." हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. 

आता कुणाला दाखवायला काढतोस? राहू दे. कामाला लागतील.

दैवशाला